विकलेला माल

लॅपटॉप घेताना चहा पाजला होता. आज स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली म्हणून परत नेला, तर पाणीही विचारलं नाही. काउंटरवरच्या पोराने बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, तुम्हीच न्या.' म्हणजे आंबा घाट आम्हीच चढायचा! मालक मोबाइलमधून मान वर काढीना.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वेगळं सांगतो. बिलात मुदत दिलेली नसेल, तर 30 दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शिक्का मारून कायदा बदलत नाही.

भाचीला घ्यायचा टॅब आता दुसऱ्या दुकानातून. रत्नागिरीत अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. तुमच्यावर अशी पाळी आली, तर बिल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.