दोन नावे, एक बाई

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या वाटेला जाऊ नये, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आमच्या गावी तर ती पक्कीच. मी बी.ए.ला नाव घातले तेव्हा शेजारच्या काकांनी आईला विचारले होते, "मग कॉम्प्युटर-बिम्प्युटर काय न्हाई का हिला?" आई शाळेची पायरी चढलेली नाही, वडील चौथीपर्यंत शिकलेले. त्यामुळे बी.ए. म्हणजे नेमके काय, हेच घरात अजून कोणाला नीट ठाऊक नाही. त्यात कॉम्प्युटर नाही म्हटल्यावर सर्वांना जरा फसल्यासारखे वाटले.

या समजुतीला मला १९६४ साल उत्तर म्हणून सापडले. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचे गाव आहे. तेथील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. केमेनी मूळचे हंगेरीचे, १९४० साली घरच्यांबरोबर देश सोडून आलेले. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि ते चालवायचे शास्त्रज्ञांनी. या दोघांचे म्हणणे असे की, इतिहास-साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही ते चालवता आले पाहिजे. त्या मुलांना झेपेल अशी भाषा नव्हती, म्हणून त्यांनी नवी रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता त्या भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले. भाषेचे नाव बेसिक. त्या नावाचे पहिले अक्षर 'बिगिनर्स'चे, म्हणजे नवशिक्यांचे. तेव्हा वाचकहो, ही भाषा मुळात आपल्यासाठीच जन्माला आली होती!

पुढे विद्वानांनी तिला नावे ठेवली. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९७५ साली असे लिहिले की, ज्यांना आधी बेसिक शिकवले गेले त्यांची बुद्धी इतकी बिघडते की त्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य होते. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. जुन्या बेसिकमध्ये 'गोटू' म्हणून भलतीकडेच उडी मारण्याची सोय होती आणि तिने मोठ्या प्रोग्रॅमचा पार गुंता होई. पण हे वाक्य वाचताना मला आमच्यासारख्यांबद्दल कॉलेजात हळू आवाजात बोलले जाते तेच आठवले. पाया कच्चा, आता काय उपयोग! असो.

माझ्या मामेभावाने डिप्लोमा संपवून नोकरी धरली आणि आपला जुना लॅपटॉप मला दिला. त्यात व्हिज्युअल बेसिक होते. बेसिकचे हे नातवंड मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९१ साली आणले, आणि २००२ साली तिचा पुरता कायापालट करून डॉट नेट या नावाने पुन्हा पुढे ठेवले. "आता ही कोण शिकतं? पायथन शीक," असे दादा म्हणाला. त्याचे चूक नाही. २०२० साली कंपनीनेच जाहीर केले की या भाषेत यापुढे नवी भर घालण्याचा विचार नाही, आहे ती चालू राहील. पण ग्रंथालयात पुस्तक होते ते हिचेच. आणि मला हवे होते तेवढे हिच्यात होते.

मला हवे होते ते आईच्या बचत गटाचे हिशेब. चौदा बायका, दरमहा शंभर रुपये, आणि गटातून कर्ज घेतले तर महिन्याला शेकडा दोन व्याज. आठवीपासून मी त्यांची वही लिहिते आहे. वहीत सगळे असते, पण मागचे शोधायचे म्हटले की रात्र जाते.

आता १९६४च्या बेसिकमध्ये हे काम कसे झाले असते ते पाहू. त्या भाषेत माहिती ठेवायच्या खणाला नाव द्यायचे ते एक इंग्रजी अक्षर, किंवा अक्षर आणि पुढे एक आकडा, बस्स. बचतीची एक यादी, कर्जाची दुसरी, व्याजाची तिसरी. बचतीच्या यादीतले सातवे आणि कर्जाच्या यादीतले सातवे हे एकाच बाईचे, ही गोष्ट यंत्राला ठाऊक नसे; ती लिहिणाऱ्याने आपल्या डोक्यात ठेवायची. बाई म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये कोणी नाहीच. आहे तो सात हा आकडा, आणि तोही तीन ठिकाणी फाटलेला.

हे तुकडे एकत्र बांधण्याची कल्पना निघाली नॉर्वेत. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी १९६७च्या सुमारास सिम्युला नावाच्या भाषेत 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' आणले. बेसिकच्या घराण्यात ते हळूहळू आले. १९९५च्या चौथ्या आवृत्तीत स्वतःचे क्लास लिहिता येऊ लागले, आणि २००२ साली वारसा वगैरे सगळे साग्रसंगीत आले.

क्लास म्हणजे काय हे मला पुस्तकातून नव्हे, व्याकरणातून कळले. सामान्यनाम आणि विशेषनाम! 'सभासद' हे सामान्यनाम, तो क्लास. सभासद कसा असतो, त्याच्याजवळ काय असते, त्याला काय करता येते, एवढे त्यात एकदा लिहून ठेवायचे. मग 'न्यू' म्हटले की त्या साच्यातली एक खरी सभासद उभी राहते, तिची स्वतःची शिल्लक आणि स्वतःचे कर्ज घेऊन. ती ऑब्जेक्ट. आमच्या मराठीच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे व्याकरणाच्या तासाला जागी होतीस म्हणायची!"

आणखी एक नवल. या भाषेत क्लासचे नाव देवनागरीत लिहिले तरी चालते. 'क्लास सभासद' असे मी लिहिले आणि यंत्राने ते मुकाट्याने घेतले. डार्टमथच्या टेलिटाइप यंत्रांवर इंग्रजीची सुद्धा फक्त मोठी अक्षरे उमटत. शेवटी मिटताना येथे महिरपी कंस नसतात. 'एण्ड क्लास' असे शब्दांत लिहावे लागते, पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहावे तसे. मला हे आवडते. उंबरठा मात्र उंच झाला आहे हे खरे. जुन्या बेसिकमध्ये एका ओळीत यंत्राकडून 'नमस्कार' म्हणवून घेता येई. येथे त्याच्या आधी-नंतर मॉड्यूल आणि मेन यांची चार ओळींची उठाठेव. नवशिक्याला पहिल्याच दिवशी ती का करायची ते कळत नाही, आणि कोणी सांगतही नाही.

शिल्लक मी 'प्रायव्हेट' केली. म्हणजे बाहेरून कोणाला तो आकडा बदलता येत नाही. हप्ता भरला किंवा पैसे उचलले तरच तो बदलतो, आणि दोन्हींची नोंद आपोआप होते. वहीत खोडरबर चालते. येथे चालत नाही. एखाद्या ऑब्जेक्टला स्वतःविषयी बोलायचे असले तर त्यासाठी एक शब्द आहे. इंग्रजीत 'मला' या अर्थाचा तो शब्द, उच्चार 'मी'. तेव्हा 'मी.शिल्लक' असे वाचताना मला वाटे, चौदाही जणी आपापला हिशेब स्वतःच बोलून दाखवताहेत.

वारसा, म्हणजे 'इन्हेरिट्स', याचे पुस्तकात फार कौतुक होते. कामगार हा मूळ क्लास, त्याचा वारस व्यवस्थापक. वडिलांचे सारे गुण घ्यायचे आणि वर आपले घालायचे. या भाषेत एक अट फार मार्मिक आहे. वडिलांची एखादी रीत मुलाला बदलायची असेल तर वडिलांनीच आधी तिच्यावर 'ओव्हरराइडेबल' असे लिहून ठेवलेले असावे लागते. ती परवानगी नसेल तर मुलाने कितीही म्हटले तरी रीत बदलत नाही. माझ्या कॉलेजला येण्यावर माझ्या वडिलांनी तो शब्द कधी लिहिला कोण जाणे! पण ही उपमा फार ताणू नये.

पुस्तकातल्याप्रमाणे 'अध्यक्ष' हा सभासदाचा वारस करता आला असता. मी केला नाही. कारण ऑब्जेक्ट ज्या क्लासमध्ये जन्माला आली त्या क्लासमधून तिला पुढे हलता येत नाही, आणि आमच्या गटात अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलते. अध्यक्षपद जन्माने मिळत नाही, ते बायका देतात आणि काढूनही घेतात. म्हणून पद ही वेगळी वस्तू ठेवली आणि ते सध्या कोणाकडे आहे एवढे तिच्यात लिहिले. वारशाचे एवढे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांनी कोठे वारसा नको हेही एक पान खर्चून सांगायला हवे होते, असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या भाषेत सारखेपणा तपासण्याच्या दोन रीती आहेत. बरोबरच्या चिन्हाने किंमत तपासतात. दोन आकडे सारखे का, दोन शब्दांतली अक्षरे तीच का. आणि 'इज' या शब्दाने तपासतात ती ओळख: ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत का? आमच्या गटात दोन शोभा आहेत, आडनाव एक, बचतही योगायोगाने एकच. सगळे आकडे सारखे, तरी 'इज' विचारले की यंत्र नाही म्हणते, कारण त्या दोघी आहेत. उलट एकाच सभासदाला दोन नावे लावता येतात. 'कमल' या नावाने एक सभासद उभी केली आणि 'सुनंदा बरोबर कमल' असे लिहिले, तर नवी बाई निर्माण होत नाही. सुनंदाच्या नावे शंभर रुपये भरा, कमलची शिल्लक शंभराने वाढलेली दिसते.

कमल आणि सुनंदा ही माझ्या आईची नावे. माहेरची कमल, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेली सुनंदा. लग्नाआधी आजोबांनी तिच्या नावे एका बँकेत थोडी ठेव ठेवली होती. मुदत केव्हाच सरली. त्या पैशातून माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मेसचे भागवायचे असे घरात ठरले, आणि गेल्या जूनपासून आई चार वेळा जाऊन आली. ठेव कमलची, आधार कार्ड सुनंदाचे. खिडकीमागचे गृहस्थ आईच्या माहेरच्याच बाजूचे निघाले. "मावशी, मी ओळखतो हो तुम्हांला. पण सिस्टिम घेत नाही," असे ते म्हणाले.

आई घरी येऊन म्हणाली, "त्यो मानूस मला वळखतो, पर त्याचं मशीन वळखत न्हाई." एरवी मीही गप्प बसले असते. पण मशीन कसे ओळखते ते आता मला ठाऊक होते. ते आपल्या मनाने काही करीत नाही. माणूस म्हणजे त्याचे नाव, आणि नावाची अक्षरे जुळली तरच माणूस जुळला, असे कोणीतरी कोठेतरी बसून लिहिलेले आहे. जेथे 'इज' विचारायचे तेथे बरोबरचे चिन्ह घातले आहे. बँकेलाही चोरापासून सावध राहावे लागते हे मला मान्य आहे. पण ज्या मुलखात निम्म्या बायकांचे नाव लग्नात बदलते, तेथे नावासाठी एकच खण ठेवणारा माणूस कोणत्या मुलखातला असेल? प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, पुन्हा अर्ज, असे आता चालू आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

माझ्या 'सभासद' क्लासमध्ये म्हणून 'नाव' नाही, 'नावे' आहे, एक यादीच. ओळख चालते ती सभासद क्रमांकावर. ही यादी भरण्यासाठी मी गटाच्या बैठकीत एकेकीला विचारत गेले. वाटले होते दहा मिनिटांचे काम. चौदांपैकी नऊ जणींना दोन नावे निघाली. एक म्हणाली, "माझं पयलं नाव सासूचंच हुतं, म्हून बदललं." धाकट्या शोभाचे माहेरचे नाव मंगल, हे तिच्या शेजारी वर्षभर बसणारीलाही ठाऊक नव्हते. पारूआजी पुष्कळ वेळ गप्पच होत्या. मग त्यांनी एक नाव सांगितले आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "चाळीस वर्सं झाली गं, कुनी ह्या नावानं हाकच न्हाई मारली." ते नाव येथे लिहिणार नाही. यादीत आहे.

पावती छापताना यादीतले पहिले नाव वर येते. तेव्हा पहिले कोणते ठेवायचे हेही विचारावे लागले, आणि बैठक संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ टळेपर्यंत चालली. आईने कमल सांगितले. वडील दारात उभे होते, ते म्हणाले, "हे कवापास्नं?" आई म्हणाली, "पयल्यापास्नं."

तेरा जणींच्या नोंदी पुऱ्या झाल्या आहेत. थोरली शोभा लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. ती आली की तिचे विचारून घालायचे आहे.