पाणसळ

मुंबईच्या कोट भागात फ्रीमेसन या बंधुमंडळाची एक जुनी वास्तू आहे. रीतसर परवानगी काढून मी नातीसह ती पाहावयास गेलो. पायांखाली काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला अध्यक्षांचे आसन आणि समोर गवंड्याच्या हत्यारांची चिन्हे! मेसन म्हणजे गवंडी. त्याच्या हत्यारांना या मंडळाने सदाचाराचे अर्थ दिले आहेत : गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळपणा आणि पाणसळ म्हणजे समता.

तथापि, समता सांगणाऱ्या या मंडळाचे दार मुंबईत पूर्वी सर्वांना खुले नव्हते. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना येथील इंग्रज बंधूंनी प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार’ ही शाखा निघाली आणि ते दार भारतीयांसाठी उघडले.

हे ऐकून नातीने विचारले, “आजोबा, या बंधूंच्या घरात बहिणींना जागा आहे का?”

“नाही, बाळ. हे मंडळ आजही पुरुषांचेच आहे,” मी म्हणालो, आणि मनात ओशाळलो. कारण याच माणेकजींनी १८६३ साली मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली होती. दार बंद झाल्याचे दुःख त्यांनी जाणले होते. म्हणूनच त्यांनी दुसऱ्यांसाठी दार उघडले.

भिंतींची पाणसळ गवंडी पाहतो; दाराची पाणसळ मात्र घरात राहणाऱ्यांनीच पाहावयाची असते.