न छेडलेला गांधार

तंबोऱ्याला तारा चार असतात आणि त्यांपैकी एकही गांधाराची नसते. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, ज्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. असे असूनही तंबोरा नेमका जुळला की या चार तारांच्या गुंजनातून एक निराळाच स्वर हळूच वर येतो. त्याला कोणी छेडलेले नसते. गवई मंडळी त्याला स्वयंभू गांधार म्हणतात आणि तंबोरा जुळला किंवा नाही याचा निवाडा त्याच्यावरच सोपवतात. हा गांधार ऐकू येणे हे वाद्याचे यश जितके, तितकेच ते कानाचेही असते. कारण जो कान त्याची वाट पाहायला शिकलेला नाही, त्याला तो समोर असूनही ऐकू येत नाही.

असा कान घडतो कसा? शिकणाऱ्याला प्रथम स्वतःचा षड्ज ठाऊक हवा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याची जोडाची तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते आणि खर्ज त्याच्या निम्म्याने. हे आकडे कोणी मनात धरत नाही. तो स्वर गळ्यात बसलेला असतो. गळ्याने षड्ज धरून ठेवायचा आणि खुंटी पिळत जोडाची पहिली तार त्याच्यापर्यंत आणायची, ही पहिली पायरी. खरी परीक्षा दुसऱ्या तारेपाशी सुरू होते. नवशिका ती ‘चढी आहे की उतरलेली’ एवढेच ताडू पाहतो आणि गोंधळतो. जाणता शिक्षक त्याला वेगळी खूण दाखवतो: उंची मोजत बसू नकोस, लाटा ऐक. एक तार सेकंदाला २४० आणि दुसरी २४२ कंपने करीत असेल, तर दोघींचा मिळून होणारा नाद दर सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. तारा जवळ येतात तशा या लाटा संथ होतात आणि अखेरीस ढवळलेले पाणी निवळावे तशा विरून जातात. खुंटी केसभर जास्त फिरली की त्या पुन्हा उठतात. खुंटीचे काम स्थूल. तेथून पुढचा अखेरचा केसाएवढा फरक तारेत ओवलेला मणी सरकवून साधायचा असतो.

जोड जुळली की खर्ज, मग पंचम. मालकंस गायचा असेल तर पंचमाची तार मध्यमाला उतरवायची आणि सारे पुन्हा नव्याने ऐकायचे. यानंतर येते जवारी. घोडीच्या किंचित बाकदार पाठीवर तार टेकते तेथे सुताचा बारीक दोरा सरकवीत राहायचे. एका नेमक्या जागी मुकी वाटणारी तार उमलते, तिच्या पोटातले स्वर बाहेर पडू लागतात. ही जागा डोळ्यांनी सापडत नाही. ती दाखवणारी कोणतीही खूण घोडीवर कोरलेली नसते.

या उमलण्याचे शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये, ते कलकत्त्यात असताना, एका निबंधात मांडले. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, असे रामन यांना आढळले आणि त्याचे कारण त्यांनी त्या बाकदार घोडीत शोधले. गांधाराचे मूळही उपस्वरांतच आहे: खर्जाच्या पाचपट कंपनांचा जो उपस्वर, तोच वरच्या सप्तकातला गांधार. पुढे १९३३ मध्ये रामन बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले आणि १९४८ मध्ये त्यांनी तेथेच आपली संशोधन संस्था उभारली.

याच शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस जी. राज नारायण या अभियंत्याने विजेवर चालणारा तंबोरा घडवला. ते स्वतः बासरीवादक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्वराची गरज त्यांना ऐकीव नव्हती. एकट्याने रियाज करणाऱ्याला तंबोरा छेडायला दुसरा माणूस कोठून आणावा, प्रवासात ते भले मोठे नाजूक वाद्य कसे न्यावे, या अडचणी खऱ्या होत्या. श्रुती ही आई आणि लय हा बाप, असे मानणाऱ्या कर्नाटक संगीताच्या या नगरीत त्या पेटीचे स्वागत झाले आणि तेथून ती देशभर गेली. आता तर तिचा स्वर भ्रमणध्वनीतूनही निघतो.

बंगळुरूचे मराठीपण जुने आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. नोकरीनिमित्त अलीकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी बरोबर आणलेल्या वस्तूंत कधी मिरजेचा एखादा तंबोराही असतो. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांतून मिरजेचे सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे निवडून त्यांनी दीडशेहून अधिक वर्षे ही वाद्ये घडवली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. असे वाद्य घरात येते, पण पुष्कळदा गवसणीतच उभे राहते. पावसाळी हवेत लाकूड ओल धरते, तारा उतरतात. जुळवायला अर्धा तास जातो आणि शिकवणीचा तास तर तेवढाच असतो. मग बटण दाबले जाते.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. हरवते काय, हे पाहायला हवे. पेटीतून येणारा षड्ज आधीच जुळलेला असतो. बेसूर कसे सुरात येते, तो मधला प्रवास शिकणाऱ्याच्या कानावरून कधी जातच नाही. काट्याने स्वर दाखवणारे यंत्र घेतले तरी अडचण संपत नाही. ते बहुधा बारा समान भागांत वाटलेल्या सप्तकाच्या हिशेबाने बोलते. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले तर त्या हिशेबाचा गांधार तंबोऱ्यातून उगवणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. हार्मोनियमवर पोसलेल्या कानाला म्हणूनच खरा गांधार क्षणभर उतरल्यासारखा वाटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची मोजमापे मांडली, तेव्हा त्यांनाही पडताळ्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याकडे वळावे लागले.

खाँसाहेब मिरजेला स्थायिक झालेले, आणि म्हैसूर दरबाराने गौरवलेले. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात त्यांची प्रकृती बिघडली आणि ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथे फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत ईश्वराचे नाव घेतले आणि देह ठेवला, असे सांगतात. अखेरच्या घटकेतही आधी तंबोरा जुळवला गेला, हे या हकिकतीतले लक्षात ठेवण्याजोगे.

विजेच्या तंबोऱ्यावरही सूक्ष्म फेरफाराची बटणे असतात. ती फिरवायला कान लागतोच, आणि तो पेटीबरोबर विकत मिळत नाही. आठवड्यातून एकदा जरी गवसणी उतरली, जोडीच्या दोन तारांमधल्या लाटा विरेपर्यंत कोणी मणी सरकवीत बसले, तरी पुढच्या रियाजात पेटीचाच स्वर त्याला निराळा ऐकू येतो. गळ्यातून गांधार लावताना तो मग कोठे टेकवायचा, हे त्याला विचारावे लागत नाही. तो गांधार त्याने एकदा, कोणी छेडलेला नसताना, ऐकलेला असतो.