काडतुसाचा दोष

काही घरांत दिवाळीला पत्त्यांचा डाव बसतो, काही घरांत गाण्याची बैठक होते. आमच्या घरी पाडव्याला काडतुसांवर वाद होत असे. फराळाची ताटे पुढे आली, पहिली चकली मोडली, की वादाला तोंड फुटलेच म्हणून समजावे. "चकली मोडली की तुमचा पहिला बार उडतो," असे आई म्हणे.

ही गोष्ट १९६० च्या आसपासची. आम्ही तेव्हा चांद्याला राहत होतो. चांद्याचे चंद्रपूर अजून व्हायचे होते. शिकार त्या काळी कायद्याला मान्य होती. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. वनखात्याकडे पैसे भरावे, ठरावीक दिवसांचा परवाना घ्यावा आणि बैलगाडीत घोंगडी टाकून निघावे. आमचे दादा कचेरीत अव्वल कारकून होते. सुट्टी आणि पैसा या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी बेताच्याच; पण त्यांतला जो काही उरे, तो रानात जाई.

पाडव्याला ओसरीवर चौघे जमत. दादा, डॉक्टरकाका, वकीलकाका आणि मालगुजार. मालगुजारी १९५१ साली गेली होती, पण तेवढ्याने माणसाचे नाव थोडेच जाते! पाचवे मामा. हे कोणाचेच मामा नव्हते. जंगलाकाठच्या खेड्यातले हे वृद्ध गोंड गृहस्थ माग काढण्यात असे तरबेज, की चौघांपैकी कोणीही त्यांच्याशिवाय रानात पाऊल टाकीत नसे. ते खांबाला टेकून बसत, लाडू खात आणि बोलत मुळीच नसत.

रायफलीच्या नळीचे भोक इंचाच्या किती हजारांश रुंद, तोच ढोबळ मानाने तिचा नंबर. दादांची ३१५. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, स्वस्त आणि मस्त. वकीलकाकांची २७५, मालगुजारांची जुनी विलायती दुनळी ४५०/४०० आणि डॉक्टरांची ३७५. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि आपल्या तोळ्याचे ग्रेन बरोबर १८०. म्हणजे वकीलकाकांची १४० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून किंचित जड, डॉक्टरांची ३०० ग्रेनची पावणेदोन तोळ्यांना जराशी कमी, तर मालगुजारांची ४०० ग्रेनची जवळजवळ सव्वादोन तोळ्यांची. हा हिशेब एकदा दादांनी आईला समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "शिसे तोळ्यातोळ्याने रानात उधळता. सोने एक तोळा तरी कधी घरात येऊ द्या!"

वादाला सुरुवात वकीलकाका करीत. "जड गोळी लागते ज्याचा हात कापतो त्याला," ते म्हणत. "जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला बक्षीस म्हणून रायफल कोणती मिळाली? २७५! बेलने आफ्रिकेत शेकडो हत्ती कशाने मारले? याच काडतुसाने! गोळी केवढी आहे ते विचारू नका, कुठे बसली ते विचारा."

"बेलच्या पुढे उघडे माळ होते," मालगुजार म्हणत. "आमच्या बांबूच्या बेटात दहा पावलांवर गवा फुरफुरतो, तेव्हा जागा शोधायला सवड कोणाला आहे? तिथे सव्वादोन तोळेच पाहिजेत. तेही दोनदा, लागोपाठ!"

"आणि तुमच्या खांद्याला हळद कोण लावणार?"

मग हशा होई. दादा ३१५ चा इतिहास काढीत. फौजेचे ३०३ काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी ते खाजगी बंदुकांना बंद केले, आणि मग ऑस्ट्रियाच्या फौजेत चाललेले एक काडतूस ३१५ या नावाने इथल्या शिकारीच्या रायफलींत आले. ४५० चेही तेच झाले. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्या मापाच्या. ती काडतुसे बंडखोरांना मिळतील या भीतीने ते माप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात यायचे बंद झाले. विलायती कारखानदारांनी लगेच ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. "आपल्या बंदुकांचे नंबर म्हणजे राज्यकर्त्यांच्या भीतीची टिपणवही आहे," दादा म्हणत. "राहता राहिली गोष्ट माझ्या ३१५ ची. तिचे काडतूस इथे मिळते. तुमची विलायती काडतुसे संपली की भिंतीला टांगा आणि हार घाला!"

हे मात्र खरे होते. आयातीवर बंधने आली होती, आणि मालगुजार आपली उरलेली काडतुसे लेकीच्या दागिन्यांसारखी मोजून ठेवीत.

या सगळ्या थट्टेत डॉक्टरकाकांचा सूर तेवढा वेगळा लागे. ते ३७५ ची स्तुती फारशी करीत नसत. ३१५ ची निंदा मात्र हटकून करीत. "खेळणे आहे ते. त्या काडतुसात दम नाही," असे ते दरवर्षी म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा कठोर होई. दादांना वाईट वाटे, पण पाहुणा म्हणून ते गप्प बसत.

आम्हा मुलांना या वादात एकच काम होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की नळीत मिठासारखा क्षार उरतो. तो तेलाने जात नाही, पाण्यानेच जातो. राहिला तर चार दिवसांत नळी गंजून जाते. म्हणून शिकारीहून आल्याबरोबर दादा बंबातले कढत पाणी नळीत ओतीत आणि मी नरसाळे धरी. पाणी काळे पडून बाहेर येई. ते अगदी स्वच्छ येईपर्यंत दादा थांबत नसत.

वर्षे गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्या दिवाळीतही मंडळी जमली. मी तेव्हा कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. चकल्या मोडल्या, पण वाद पेटेना. जे काडतूस आता उडवायचेच नाही, त्याची बाजू तरी किती तावाने मांडणार? वकीलकाकांनी सवयीने २७५ चे नाव काढले. मालगुजार हसले. आणि डॉक्टरकाका एकदम म्हणाले, "मला आज एक सांगायचे आहे."

ते सांगू लागले. १९५८ च्या उन्हाळ्यात त्यांची ३७५ दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्यांनी दादांची ३१५ मागून नेली. संध्याकाळी एक अस्वल दिसले. उजेड कमी होता, अस्वल तिरपे उभे होते. थांबायला हवे होते. डॉक्टर थांबले नाहीत. बार झाला, अस्वल ओरडले आणि ओढ्याच्या झुडपांत शिरले. पानांवर रक्त होते. मामा म्हणाले, सकाळी माग काढू. पण सकाळी दवाखाना उघडायचा होता. डॉक्टर रात्रीच गाडी जुंपून परत आले.

"तिसऱ्या दिवशी," डॉक्टर म्हणाले, "मोहफुले वेचायला गेलेल्या एका बाईला माझ्याच दवाखान्यात आणले. त्याच ओढ्याजवळ गेली होती. अस्वलाने चेहरा फाडला होता. मी तीन तास टाके घालीत होतो. जगली ती. एक डोळा गेला. बरी झाल्यावर कोंबडी घेऊन आली माझ्या पाया पडायला. मी तिला काही बोललो नाही. आजवर कोणालाच बोललो नाही."

ओसरीवर कोणी हालले नाही. बऱ्याच वेळाने दादा हलकेच म्हणाले, "डॉक्टर, काडतुसाचा दोष नव्हता हो."

"ते मला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर पंधरा वर्षे काडतुसाला दोष देत आलो."

मग खांबापाशी बसलेले मामा बोलले. "मले ठावं होतं, साहेब. दुसऱ्या दिवशी मी एकलाच गेलो होतो त्या मागावर. पर माह्यापाशी बंदूक कुठं होती? झाडीत घुसलो नाही मी. तो दोष माहाबी हाये."

डॉक्टरकाका उठून मामांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. आईने दोघांच्या ताटांत काही न बोलता एकेक लाडू वाढला. त्या दिवशी काडतुसांविषयी पुन्हा कोणी बोलले नाही.

आता त्या ओसरीवरचे कोणी उरलेले नाही. दादांची रायफल पुढे रीतसर जमा झाली. पण वाद मात्र सात समुद्रांपलीकडे जिवंत आहे. डॉक्टरकाकांचा नातू अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करायला परवाना मिळतो. त्याची आवड '६.५ क्रीडमूर', २००७ साली निघालेले काडतूस. फोनवर त्याचे गुणगान करताना तो थकत नाही. मी गोळीचे वजन विचारले. "एकशे चाळीस ग्रेन," तो म्हणाला. मला हसू आले. शंभरावर वर्षे फिरून जग पुन्हा वकीलकाकांच्या पाऊण तोळ्यावरच आले होते!

गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "काका, एक हरीण मिळाले." पूर्वी असतो तर मी अंतर विचारले असते, गोळी विचारली असती. मी एवढेच विचारले, "जागीच पडले?"

तो जरा घुटमळला. "नाही. दोनशे यार्ड गेले. अंधार पडत होता, सोबतचे लोक सकाळी बघू म्हणत होते. पण आजोबांनी लहानपणी एक गोष्ट बजावून सांगितली होती. दोन तास बॅटरी घेऊन माग काढला. सापडल्यावरच परतलो."

मी फोन ठेवला. बाहेर मुले फटाके उडवीत होती. दादा आज असते तर बंबावर पाणी तापत ठेवायला उठले असते, असे मला उगाचच वाटून गेले.