बातमी छापल्यानंतर गावात कोण राहतं

लष्कर, ग्वाल्हेर

चि. छोटी,


तुझ्या कादंबरीचा आराखडा मिळाला. दिल्लीचा तरुण बातमीदार ग्वाल्हेरला येतो, मेडिकल कॉलेजातल्या एका मृत्यूचा माग काढत मंत्र्याच्या बंगल्यापर्यंत पोचतो, पहिल्या पानावर बातमी झळकते, मंत्री राजीनामा देतो आणि बातमीदार रात्रीच्या गाडीनं परत जातो. वेग चांगला आहे, संवादही तुला जमतात. पण तुझा नायक गेल्यावर या गावात कोण राहतं, हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस. माझा सगळा जन्म इथल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर जिल्ह्यांच्या बातम्या लावण्यात गेला, म्हणून हे मला ताबडतोब जाणवलं.

तुझ्या डोक्यात व्यापम, म्हणजे मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचा घोटाळा आहे, हे उघड आहे. मग ते नीट समजून घे. जुलै 2013 मध्ये इंदूर पोलिसांनी वैद्यकीय प्रवेश परीक्षेला दुसऱ्याच्या नावानं बसायला आलेली मुलं हॉटेलांतून पकडली आणि गाठोडं सुटलं. या धंद्यातल्या एका पद्धतीला ‘इंजिन-बोगी’ म्हणत. हुशार मुलगा इंजिन. त्याच्या पाठीमागे पैसे भरलेले उमेदवार बसतील, असे रोल नंबर मंडळाच्या संगणकातच लावून दिले जात. काहींच्या उत्तरपत्रिका कोऱ्या राहत आणि नंतर भरल्या जात. परीक्षा नियंत्रकापासून माजी मंत्र्यापर्यंत अटका झाल्या. आमच्या गजराराजा मेडिकल कॉलेजातली किती मुलं पोलीस उचलून घेऊन गेले! कंपू भागातून जाताना लोक कॉलेजच्या फाटकाकडे बघून कुजबुजत. फेब्रुवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं 634 जणांचे प्रवेश रद्द ठरवले. मुख्यमंत्री मात्र डिसेंबर 2018 पर्यंत खुर्चीवर होते. ते गेले निवडणूक हरल्यामुळे. वॉटरगेटनंतर ऑगस्ट 1974 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पायउतार झाले, तेव्हापासून अशा प्रत्येक गोष्टीला शेवटी राजीनामा हवा असतो. आमच्याकडे तो मिळाला नाही. तुझ्या कादंबरीतही देऊ नकोस.

आणि हे सगळं खणून काढणाऱ्यांत ग्वाल्हेरचा जो माणूस होता, तो बातमीदार नव्हताच. आशीष चतुर्वेदी हा इथला विद्यार्थी. आईच्या कर्करोगावर उपचार चालू असताना त्याला डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी शंका आली आणि हे डॉक्टर झाले तरी कसे, या प्रश्नाच्या मागे तो लागला. कागद जमवले, तक्रारी केल्या, मार खाल्ला. सरकारनं संरक्षणाला पोलीस दिला, तेव्हाही हा आपला सायकलवरच. पोलीस सोबत. आम्ही सगळ्यांनी त्यांना रस्त्यानं जाताना पाहिलं आहे. दिल्लीचे कॅमेरे आले, त्याची मुलाखत घेतली, गेले. तो ज्यांच्याविरुद्ध बोलला होता त्यांच्याच गावात राहिला. औषधाचं दुकान तेच, बँकेची रांग तीच, कोर्टाची पायरी तीच. थरार हवा असेल तर तो या रांगेत आहे.

अक्षय सिंह यांचा मृत्यू तू पहिल्या प्रकरणात खून म्हणून घेतला आहेस. तो भाग कृपा करून काढ. ‘आज तक’चे हे बातमीदार 4 जुलै 2015 रोजी झाबुआ जिल्ह्यात मेघनगरला, व्यापममध्ये नाव आलेल्या एका मृत विद्यार्थिनीच्या घरी तिच्या वडिलांशी बोलायला गेले होते. तिथंच कोसळले आणि त्याच दिवशी गेले. साऱ्या देशाला संशय आला, मलाही आला. पाचच दिवसांत सुप्रीम कोर्टानं सगळा व्यापम तपास सीबीआयकडे सोपवला. पुढे विष आढळलं नाही, घातपातही निष्पन्न झाला नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते कादंबरीच्या आडोशानं सिद्ध करून टाकायचा हक्क आपल्याला नाही. तुला लिहायचंच असेल तर त्या बापाविषयी लिही. त्याची मुलगी आधी गेली होती. मग तिच्याविषयी विचारायला आलेला पाहुणा त्याच्याच दारात कोसळला. त्यानंतर त्याच्या घरात काय झालं असेल, हे तुझ्यासारखीनं शोधावं.

विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ हे नाटक तू कॉलेजात केलं होतंस. त्याची मूळ घटना आमच्याच भागातली आहे, हे पुण्यात फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. एप्रिल 1981 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेवर बायकांचा बाजार चालतो, हे दाखवण्यासाठी शिवपुरीजवळच्या गावची एक बाई 2300 रुपयांना विकत घेतली आणि पहिल्या पानावर तसं लिहिलं. पत्रकारितेच्या दृष्टीनं धाडस मोठंच होतं. बाजार उघडा पडला, तोही पुराव्यासकट. पण मला तेंडुलकर अधिक मोठे वाटतात ते त्यांनी कॅमेरा फिरवला म्हणून. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो आणि इकडे घरात तीच कमला त्याच्या बायकोला, सरिताला, साधेपणानं विचारते, तुला केवढ्याला घेतलं? हे विचारायला कुणी वार्ताहर पुरला नसता. शिवपुरी इथून काही फार दूर नाही. तिथून आलेल्या बायका आमच्या बाजारात रोज दिसतात, आणि बातमीनंतर त्या कमलाचं काय झालं, हे विचारणारे मला माझ्या धंद्यात फार थोडे भेटले.

त्याच नाटकातले काकासाहेब आठवतात? गावाकडे आपल्या भाषेत छोटं वर्तमानपत्र चालवणारे. तुझा नायक त्यांच्यासारखा हवा. आमच्याकडे त्याला स्ट्रिंगर म्हणतात. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी इथून रोज संध्याकाळी त्यांचे फोन यायचे. मानधन इतकं कमी की दुकान किंवा शिकवणी चालवल्याशिवाय घर चालू नये. वर दिवाळीला, 15 ऑगस्टला जाहिराती आणायच्या, आणि जाहिरात देणारा ठेकेदार बहुधा तोच, ज्याच्याविषयी बातमी हवी. तरीही काही जण बातमी पाठवायचे. ‘दीदी, नाम मत डालना,’ एवढंच म्हणायचे. नाव नाही टाकलं तरी साऱ्या तालुक्याला कळायचं, कारण तशी बातमी लिहिणारा तिथं एकच असायचा.

अशांपैकीच संदीप शर्मा. भिंडचे, एका वृत्तवाहिनीसाठी काम करणारे. वाळूच्या चोरट्या धंद्यात पोलीस अधिकारी पैसे घेतो, असं छुपं चित्रण त्यांनी दाखवलं. चंबळच्या अभयारण्यात वाळू उपसायला बंदी आहे, पण रात्री ट्रॅक्टर थांबत नाहीत. 8 मार्च 2012 रोजी, होळीच्या दिवशी, मुरैनाजवळ बानमोरला नरेंद्र कुमार हे तरुण आयपीएस अधिकारी दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवायला गेले आणि त्याखालीच चिरडले गेले, हे भिंडमधल्या पोराटोराला ठाऊक होतं. संदीप यांनाही. जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असं त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहून कळवलं होतं. 26 मार्च 2018 च्या सकाळी भिंडच्या कोतवालीसमोर एक ट्रक त्यांच्या मोटरसायकलवर आला. सीसीटीव्हीत तो ट्रक एकदम डावीकडे वळताना दिसतो. ड्रायव्हर पकडला गेला, राज्य सरकारनं सीबीआय चौकशीची शिफारस केली. मला त्या सीसीटीव्ही चित्रणापेक्षा त्यांची ती पत्रं जास्त छळतात. माणूस लेखी सांगतो की मला मारतील, आणि तो कागद फायलीत लागतो. त्यावर आवक क्रमांकही पडलेला असतो.

आपल्या कोकणातही तेच घडलं. राजापूरचे शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’मध्ये लिहीत. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती, त्याच माणसाला पोलिसांनी अटक केली. मोठ्या शहरात बातमीदार आणि बातमीतला माणूस यांच्यात चौकीदार, लिफ्ट, वकील, संपादक असे थर असतात. राजापूरला आणि भिंडला मध्ये फक्त रस्ता असतो, आणि त्या रस्त्यानं दोघांनाही रोज जावं लागतं.

म्हणून छोटी, दिल्लीचा तो नायक काढून टाक. तालुक्याचा बातमीदार घे. त्याचं घर दाखव, बायकोला कोण येऊन काय सांगून जातं ते दाखव, जाहिरात बंद झाल्यावर मुलाची फी कशी भरली ते लिही. तो घाबरतो, हेही लिही. खून झाला तरी शेवटचं प्रकरण खुनाशी संपवू नकोस. पुढे कोर्टाच्या तारखा पडतात, साक्षीदार फिरतात, त्याच्या जागी दुसरा कुणीतरी मुलगा बातमीदाराचं कार्ड घेऊन कामाला लागतो. त्या मुलापाशी कादंबरी न्यायला हवी.

दिवाळीनंतर इकडे ये. भिंडला जाऊ. ज्यांनी मला वर्षानुवर्षं फोनवर बातम्या सांगितल्या, त्यातले काही अजून तिथं आहेत. ते तुझ्याशी बोलतील, पण वही लगेच काढू नकोस, आणि त्यांची खरी नावं कादंबरीत कुठंही येऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या