माईंनी वाचलेली पुस्तकं

माई वाचायला बसल्या की घरात त्याचा आवाज यायचा. तुम्ही म्हणाल, वाचण्याला कसला आवाज? पण होता. पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायचा हलकासा चट्, मग एखादा लांब सुस्कारा, मग 'अगंबाई', नाहीतर 'चल, काहीतरीच', आणि एखाद्या दुपारी, शेजारच्या वाड्यात कुणी मसाला कांडत असताना, दोन दणक्यांच्या मधल्या जागेत नुसतं 'हं'. त्या 'हं'चे प्रकार किती, हे मला या घरात सून होऊन आल्यावर सावकाश उमगत गेलं. सासू-सून म्हणून आम्ही एकमेकींशी जेवढं बोललो असू, त्याहून कितीतरी जास्त पुस्तकांच्या आडून बोललो, आणि आता कपाटाचं दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास तसाच अंगावर येतो, पुस्तकं आपापल्या जागी असतात, आणि मी उगाचच थोडा वेळ कान देऊन उभी राहते.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. आम्ही सगळे त्याला सावानाच म्हणतो. माई तिथून पुस्तक घेऊन आल्या की पिशवी खुंटीला लावण्याआधी ते नाकाशी धरायच्या. बांधणीच्या खळीचा वास, पावसाळ्यात दमटलेल्या कागदाचा वास, आणि त्यांच्या नाकाला लागायचा तो आधी वाचून गेलेल्या माणसाच्या घरचा वास. 'हे लसणाच्या घरातून आलंय,' म्हणायच्या, किंवा 'हे कुणीतरी आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेलं, अमृतांजनाचा वास येतोय बघ.' अनोळखी माणसाबद्दलची ती माया त्यांच्या आवाजात इतकी सहज यायची, की मग पुस्तकाच्या आत शिरताना आपण तिसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन निघालोय असं वाटायचं. खुणेला त्यांच्याकडे मागच्या वर्षीच्या कालनिर्णयाच्या कापलेल्या पट्ट्या असत. पुस्तक परत करताना पट्टी काढून घ्यायच्या, घरच्या पुस्तकांत मात्र त्या तशाच राहत.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माईंनी किती वेळा वाचलं, याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म गोदाकाठच्या जलालपूरचा, म्हणजे आमच्या अगदी शेजारचा, आणि माई त्यांच्याबद्दल बोलायच्या ते वाड्यातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं. सोवळ्याचं वेड लागलेल्या वडिलांच्या हकिगती वाचताना पदराचा बोळा तोंडाशी धरून हसायच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पती टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तो भाग आला की खोलीतलं हसणं थांबायचं. 'ही बाई रडायच्या जागी आपल्याला हसवते,' एकदा म्हणाल्या, 'आणि मग रात्री भांडी आवरताना रडू येतं ते येतंच.' त्या रात्री भांडी मी आवरली. त्या ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या, हातात कोरडं फडकं घेऊन, आणि आम्ही दोघी लक्ष्मीबाईंबद्दल बोलत होतो, निदान तोंडाने तरी.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. जेलरोडवरून रिक्षा निघाली की माई बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि ती उंच भिंत सरेपर्यंत तिकडे पाहत राहायच्या. आईच्या मरणाच्या पानांवर सगळा महाराष्ट्र रडला असेल, पण माईंचे डोळे भरून यायचे ते त्याच्या अलीकडे, घरावर जप्ती येते आणि गावात दवंडी पिटली जाते तिथे. 'माणूस गेलं तर चार जण दारात येतात,' त्या म्हणायच्या, 'अब्रू गेली की येणारेसुद्धा वाट बदलतात.' एवढं बोलून चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, पुन्हा घालायच्या, आणि पुढचं पान न उलटता आधीचंच वाचत बसायच्या.

माईंचं माहेर खानदेशातलं, यावलकडचं. तिकडच्याच नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. त्यांच्या हाती ती फार उशिरा लागली, केस पांढरे झाल्यावर. सुरुवातीला 'हे काय लिहिणं' म्हणून त्यांनी ती दोनदा बाजूला ठेवली. मग कधीतरी गावाकडच्या भागात शिरल्या आणि मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं, की त्या मोठ्याने वाचताहेत, आणि वाचण्याचा हेल नाशिकचा राहिलेला नाही. सासरी येऊन इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झालेली त्यांची माहेरची बोली त्या दुपारी परत तोंडात आली होती. मी दाराशी थांबून ऐकत राहिले, कारण ही माई मला माहीतच नव्हती. पुढे कादंबरीतल्या पांडुरंगची धाकटी बहीण जाते. तिथे आवाज थांबला. माईंची एक धाकटी बहीण लहानपणीच गेली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी त्यांनी कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला, तव्यावरच्या मिरच्यांचा ठसका सगळ्या घरात भरला, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या पुढे गेल्याच नाहीत. पट्टी अजून तिथेच आहे: आषाढातला एक आठवडा, एकादशीच्या चौकोनात कडेला दुधाच्या हिशेबाचा पुसट आकडा, आणि मागच्या बाजूला मधोमध कापलं गेलेलं कुणाच्या तरी राशीचं भविष्य.

पण तुम्हाला वाटेल, माई नेहमी दुःखाच्याच पानांवर थांबायच्या, तसं नव्हतं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' त्या ज्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात वाचायच्या. चैत्र लागला की चैत्र, त्याआधी एक ओळ नाही, आणि लेख संपला की गॅलरीत जाऊन समोरच्या पिंपळाकडे बघून पडताळा घ्यायच्या. जी. ए. कुलकर्णी फक्त दिवसाउजेडी. दिवेलागणीनंतर 'काजळमाया' उघडलेली त्यांना चालत नसे, मी घेऊन बसले तर 'मिट गं ते, तुळशीपाशी दिवा लाव आधी' म्हणायच्या. आणि मोठ्या आजारपणात, पथ्याची मुगाची खिचडी नकोशी झाली असताना, त्यांनी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' मागून घेतलं. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि घराघरांतल्या नव्या सुना निश्चिंत झाल्या, पण माई ते वाचायच्या कादंबरीसारखं, पहिल्या पानापासून, उताणं पडून, पोटावर पुस्तक टेकवून. आमटीतल्या गुळाशी त्यांचं भांडण होतं, पुरणपोळीपाशी बराच वेळ थांबायच्या, आणि वाचता वाचता ओठ हलायचे. हिंगाची फोडणी बसल्याचा वास त्यांना नक्की येत असणार.

त्या दिवसांतच त्यांनी कर्णाचाही निकाल लावला. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त', दोन्ही १९६७ ची. पहिलं त्यांनी भर तारुण्यात वाचलं होतं आणि कर्णासाठी उशी भिजवली होती; 'युगान्त' वाचलं तेव्हा इरावतीबाईंनी त्याच कर्णाला इतक्या कोरड्या, स्वच्छ नजरेने न्याहाळलेलं पाहून त्या दोन दिवस रुसल्यासारख्या होत्या. मला वाटलं, आता पुस्तक परत दे म्हणतील. पण म्हणाल्या, 'दोन्ही कर्ण राहू देत. एकाला माझी गरज आहे, आणि दुसऱ्याची मला.'

'बलुतं'बद्दल मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. दया पवारांचं ते आत्मकथन १९७८ चं. माईंनी ते एका बैठकीत वाचलं, दुपारचा चहा गार होऊन वर साय धरली तरी. नंतर कितीतरी वेळ पुस्तक मांडीत उपडं ठेवून भिंतीकडे पाहत होत्या. त्यांच्या लहानपणी गावात मागच्या दाराशी भाकरीला एक बाई यायची. तिची टोपली आठवली, कोपरापर्यंत गोंदलेला हात आठवला, 'भाकर वाढ वं माय' हा आवाज आठवला, आणि नाव आठवेना. रात्री जेवताना घास हातात धरून मला म्हणाल्या, 'तिला नाव असणारच की गं.' दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी थोरल्या भावाला फोन लावला. त्यालाही सांगता आलं नाही. ते पुस्तक त्यांनी पुन्हा वाचलं नाही, पण कपाटातही ठेवलं नाही. देवघराशेजारच्या फळीवर, पोथ्यांच्या ओळीत ठेवलं, आणि पोथ्यांची धूळ पुसताना त्याचीही पुसायच्या.

हे सगळं मला पाठ आहे. कुठल्या पानावर त्या हसल्या, कुठे चष्मा काढला, कुठे गप्प झाल्या, हे मी तुम्हाला त्यांच्याच हेलात म्हणून दाखवू शकेन. पण त्या गेल्यानंतर बाहेर आलेलं एखादं पुस्तक घरी आणते, सवयीने आधी नाकाशी धरते, वाचून संपवते, आणि माई यावर काय म्हणाल्या असत्या असा विचार करू लागले की मन तिथेच अडतं. अंदाज बांधावा, तर त्यांनी माझा अंदाज कधी खरा होऊ दिला नाही. 'कोसला'पाशी बोली परत येईल असं कुणाला वाटलं होतं? दोन कर्ण सुखाने नांदतील असं तरी कुठे वाटलं होतं? आठवणीतल्या माई माझ्याशी पुष्कळ बोलतात, पण बोलून झालेलंच बोलतात. नव्या पुस्तकावर त्यांचं एकही वाक्य मला मिळायचं नाही. ते आवडलं की नाही, हे आता माझं मला ठरवावं लागतं. आणि ठरवलं, तरी ते सांगायला ओट्याशी कुणी नसतं.