स्पीकर खोक्यात, तंबोरा कानात

पुनावळ्यात रात्र नेमकी कधी सुरू होते, हे कायद्याला विचारलं तर उत्तर सोपं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ चाकणच्या कारखान्यात आहेत आणि त्यांना तिसरी पाळी असली की ते सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतात, पोहे खातात, पडदे ओढून झोपतात. त्यांची मध्यरात्र साडेअकराला, म्हणजे मी कुकर लावते तेव्हा. शेजारच्या फ्लॅटमधली मुलं हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करतात. ती उजाडता उजाडता आडवी होतात. आठवडा बदलला की भाऊंची पाळी बदलते आणि सगळं पुन्हा फिरतं. या इमारतीत कुणाची ना कुणाची रात्र सदैव चालूच असते.

आम्ही इथे भाड्याने राहतो, तेही तात्पुरते. आमचा स्वतःचा फ्लॅट इथून दिसतो. बाल्कनीत उभं राहिलं की डावीकडचा तिसरा टॉवर. ताबा मागच्या दिवाळीला मिळणार होता. मग गुढीपाडवा म्हणाले, मग ‘लिफ्टचं तेवढं राहिलंय’. म्हणून अकरा महिन्यांचा करार, तो संपला की आणखी अकरा. सामानातलं निम्मं अजून खोक्यांत आहे आणि त्यात माझा अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकरही.

ते एकदा काढले होते. पण या नव्या टॉवरांत भिंती विटांच्या नसतात. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे ओततात. मिस्त्री त्याला मायवन म्हणतात. खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो. आणि डग्ग्याचा घुमारा एकदा स्लॅबमध्ये शिरला की खालच्या घरात उतरतो. वरचे स्वर भिंत अडवते, खर्ज अडवत नाही. म्हणजे खालच्यांना राग कळत नाही, गायक कळत नाही, नुसतं धप धप पोचतं. खालच्या वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, रागावू नका हं. तुमचं गाणं छानच असतं. पण ह्यांची नाइट चालू आहे.” यावर काय बोलणार? स्पीकर पुन्हा खोक्यात गेले आणि हेडफोन घ्यायचं ठरलं. स्वस्तातला, कारण ताबा मिळाला की तो ड्रॉवरमध्येच जाणार.

इथून माझी तारांबळ सुरू झाली.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे हात लहानपणी रोज बघितलेले. घोडीवर तार टेकते तिथे सुताचा दोरा सरकवायचा, केसाएवढा पुढे-मागे, आणि एका जागी तार अशी बोलू लागते की एका स्वरातून चार स्वर उमलल्यासारखे वाटतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माहेरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. तेव्हा कानाचं मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज. पण हेडफोनच्या खोक्यावर जवारीबद्दल काही लिहिलेलं नसतं. तिथे लिहिलेलं असतं: ४० मिमी ड्रायव्हर, ३२ ओम, ९८ डेसिबल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. माझं काम भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे जीएसटी रिटर्न भरण्याचं. आकड्यांना मी भीत नाही. पण कुठला आकडा जमेचा आणि कुठला नावेचा, तेच कळेना.

बहिणीचा मुलगा वाकडला राहतो, त्याला या गोष्टींचं वेड. त्याला बोलावलं. चहा होईपर्यंत त्याने निम्मे आकडे खोडून टाकले. “मावशी, २० ते २० हजार हे सगळेच लिहितात. माणसाला ऐकू येतं तेवढंच ते. त्या पट्ट्यात कुठे आवाज फुगलाय, कुठे बसलाय, ते खोक्यावर कधीच नसतं.” ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, हेही खरं नाही. ओम मात्र बघायचे. ओम जास्त म्हणजे हेडफोनला जास्त व्होल्टेज लागणार. २५० ओमचा स्टुडिओतला हेडफोन मोबाइलला लावला तर कुजबुजतो. तीसेक ओमचा असला की फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्याला हाकतात. आणि डेसिबलचा तो आकडा म्हणजे एवढ्याशा विजेत तो किती मोठ्याने बोलेल याचं माप. एवढं मी वहीत लिहून घेतलं.

मग त्याने विचारलं, “तुला बंद पाहिजे का उघडा?”

बंद म्हणजे ज्याच्या वाट्या पाठीमागून पक्क्या असतात. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. उघड्याला पाठीमागे जाळी असते. हवा आणि आवाज दोन्ही आरपार. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सेनहायझर या जर्मन कंपनीने हा उघडा प्रकार बाजारात आणला आणि तेव्हापासून घरी निवांत ऐकणारे लोक त्याच्या बाजूचे आहेत, कारण त्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. भाच्याचं म्हणणं, स्पीकरच्या जवळ जायचं असेल तर उघडाच घे.

दुकानं मात्र नेमकं उलटं विकतात. पिंपरीच्या बाजारात गेले, मॉलमध्ये गेले. जिथे जावं तिथे बिनतारी, बंद, ‘नॉइज कॅन्सलिंग’, आणि वर बासची हमी. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे यंत्र बाहेरचा आवाज मायक्रोफोनने ऐकतं आणि त्याची उलटी लाट कानात सोडून तो पुसतं. विमानाची किंवा बसची एकसुरी घरघर त्यात छान पुसली जाते. आमच्याकडे पाण्याच्या टँकरची मोटर चालू असते तेव्हा तेही कामाला आलं असतं म्हणा. पण मला घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. दाराची बेल, सोसायटीच्या गेटवरून सिक्युरिटीचा फोन, सासूबाईंची हाक, हे सगळं ऐकू यायला हवं. स्पीकर लावला म्हणून कुणी घराला बहिरं होत नाही. दुकानदार मला जे ‘फीचर’ म्हणून दाखवत होते, तीच माझी अडचण होती. स्पीकरऐवजी हेडफोन घेणाऱ्याने प्रवासातला हेडफोन घेऊ नये, हे माझं मत झालं ते तिथेच.

शेवटी पुण्यातच जायचं ठरवलं. पिंपरीहून मेट्रो आता थेट मंडईला जाते, तिथून तपकीर गल्ली चालत. दिव्याच्या माळा, वायरींची भेंडोळी, स्विच, पंखे आणि त्यातून वाट काढणाऱ्या हातगाड्या. एका चिंचोळ्या दुकानात काउंटरवरच्या दादांनी न विचारता एक हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि फोनवरून काहीतरी लावलं. ढोल असा आदळला की मी दचकून मागच्या गिऱ्हाइकावर पडले असते. “बास एक नंबर, मॅडम.”

मी म्हटलं, “तंबोरा लावा ना.”

“भजन?”

“नाही हो, नुसता तंबोरा.”

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, पण शोधून लावला. आणि मग मला पहिल्यांदा काहीतरी कळायला लागलं. त्या बासवाल्यात खर्जाची तार फुगून बसली होती आणि जवारी गायब. दुसऱ्यात जवारी होती, पण डासासारखी कानाशी गुणगुणणारी. तिसरा हलका, कानावर टेकणारा, साधासा. त्यात बरं वाटलं, पण माझ्या चष्म्याची दांडी आणि कानातल्या कुड्या यांच्यामध्ये त्याची गादी अशी दाबली गेली की एका बैठकीत डोकं उठलं असतं. चष्म्याचा आणखी एक घोळ तिथेच समजला. बंद हेडफोनची गादी दांडीमुळे पूर्ण टेकत नाही, फट राहते आणि तेवढ्या फटीतून खर्ज निसटतो. मी चष्मा काढला की आवाज भरतो, घातला की पातळ होतो. दोनदा काढघाल करून पाहिली तेव्हा दादाही काउंटरवरून वाकून बघायला लागले. “हे आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं,” म्हणाले.

घेतला तो अर्धा उघडा. कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या वाट्या, पाठीमागे थोडी जाळी, ३२ ओम, आणि टेबलापासून दिवाणापर्यंत आरामात पोचणारी लांब वायर. बजेट तीन हजारांचं होतं, ते थोडं ओलांडलं. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी ते बाजारात असेलच असं नाही. पण वायर हवी हे मुद्दाम सांगते. त्याच किमतीच्या बिनतारी हेडफोनमध्ये बॅटरी, ब्लूटूथ, माइक असं सगळं बसवल्यावर आवाजासाठी पैसे उरतात किती? शिवाय बॅटरी दोन-चार वर्षांत म्हातारी होते. माझ्या फोनला मात्र गोल भोक नाही, म्हणून एक बोटभर लांबीचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागला. तोही जपून घ्यायचा असतो. काही फोनना नुसती जोडणी पुरते, काहींना त्या बोटभर वायरीत आवाज बनवणारी चिप असलेलाच लागतो. दादांनी माझ्याच फोनला लावून, वाजवून दिला.

घरी येऊन पहिल्यांदा लावलं ते गीतरामायण. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं. त्या काळातलं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही कानांना अगदी एकच आवाज. स्पीकरवर बाबूजी समोर बसून गायचे. हेडफोनवर ते माझ्या दोन भुवयांच्या मागे बसून गायला लागले. डोळे मिटले तरी ते बाहेर येईनात. नंतरच्या काळातलं स्टीरिओ लावलं, तर तबला डाव्या कानात, पेटी उजव्या कानात, आणि गायक पुन्हा मेंदूत.

भाच्याला फोन केला. तो हसला. स्पीकर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, फक्त मिलिसेकंदाहूनही कमी उशिरा आणि डोक्याला वळसा घालून आल्यामुळे थोडा मंद होऊन. या उशिरावरून आणि मंदपणावरून मेंदू ठरवतो की गाणारा समोर आहे. हेडफोनमध्ये हा वळसाच नाही. बेंजामिन बाउअर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९६१ मध्ये यावर तोड सुचवली होती: एका कानातला थोडा आवाज, थोडा उशिरा, दुसऱ्या कानाकडे वळवायचा. आता काही प्लेअरमध्ये त्याचं बटण असतं, ‘क्रॉसफीड’ म्हणून. ते लावल्यावर तबला कानातून निघून खांद्याच्या पुढे आला. गायक कपाळातून नाकासमोर. समोरच्या भिंतीपर्यंत काही कुणी गेलं नाही.

आणि डग्गा छातीत वाजत नाही. तो वाजणारही नाही, हेडफोन कितीही महाग आणा. छातीत वाजायला खोलीतली हवा हलावी लागते. त्याबद्दल तक्रार नाही. उलट जवारी मी स्पीकरवर कधी इतकी जवळून ऐकली नव्हती. गायकाने श्वास घ्यायच्या आधी मागचा तंबोरेवाला बोट उचलतो, ते ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र मी हिशेबाने पाळते. जागतिक आरोग्य संघटनेने कानाचं आठवड्याचं बजेट दिलेलं आहे: ८० डेसिबलला ४० तास, आणि ९० डेसिबलला जेमतेम ४. हेडफोन अर्धा उघडा असल्यामुळे टँकरची मोटर सुरू झाली की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. मी सरळ गाणं थांबवते. टँकर गेला की पुढे.

राहता राहिले आमचे हे. रविवारी सकाळी आम्ही दोघं मिळून ऐकायचो, म्हणजे त्यांनी पेपर वाचायचा आणि मध्येच “वा” म्हणायचं. हेडफोन लागल्यापासून त्यांचा “वा” बंद पडला. म्हणून एका वायरीच्या दोन करणारा तुकडा आणला, आणि त्यांच्यासाठी ऑफिसच्या मीटिंगचा हलका हेडफोन होताच. दोन्ही लावले. मला आवाज ठीक, तर ते ओरडतात, “कमी कर!” कमी केला की मला काही ऐकू येत नाही. दोघांचे ओम वेगळे, डेसिबलही वेगळे. फोनकडून व्होल्टेज सारखंच मिळतं, पण त्यांचा हेडफोन तेवढ्यातच गरजतो. वहीतला हिशेब काढून मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “मग तुझा मला दे, माझा तू घाल. मला तसंही कमी ऐकू येतं.”

हेडफोन तीन हजारांहून वरचा, आणि रविवारी तो त्यांच्या डोक्यावर असतो. ताब्याची नवी तारीख दसऱ्याची आहे.